गोळा विमानाला लागत नाही, तरी विमान पडतं : 732 डॉलरचा फ्यूज 18 डॉलरवर कसा आला?

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आपल्याकडे चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. सीमेपलीकडून आलेले ड्रोन लष्कराच्या एल-70 तोफांनी पाडले अशा बातम्या आल्या आणि उद्यमबागेतल्या आमच्या नेहमीच्या टपरीवर वाद सुरू झाला. एवढासा ड्रोन, त्यात रात्र, आणि तोफेचा गोळा त्याला लागतो कसा? तोफखान्यातून निवृत्त झालेले खानापूर तालुक्यातले एक हवालदार मामा तिथं बसले होते. ते हसले आणि म्हणाले, "लागतोय कुठला? लागायची गरजच नसतीय. जवळनं गेला की आपोआप फुटतोय."

पुढचा प्रश्न साहजिक होता. गोळ्याला कळतं कसं, की आपण जवळ आलोय?

या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडलं. त्याचं नाव प्रॉक्सिमिटी फ्यूज. फ्यूज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मीटरच्या पेटीतला फ्यूज येतो, तो हा नव्हे. तोफगोळ्याच्या टोकावर बसवलेला, गोळा नेमका कधी फोडायचा हे ठरवणारा भाग म्हणजे फ्यूज. अणुबॉम्ब आणि रडारबद्दल आपण पुष्कळ वाचतो. हा फ्यूज मात्र बाजूलाच राहिला. मी कॉमर्सचा माणूस, विज्ञानात दहावीपर्यंतच. पण या फ्यूजची गोष्ट वाचताना मला त्यातला हिशेबच जास्त दिसला, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी अडचण काय होती?

1939-40 मध्ये विमानविरोधी तोफांकडे दोन प्रकारचे फ्यूज होते. एक, आदळल्यावर फुटणारा. उडत्या विमानावर थेट आदळणं म्हणजे लॉटरीच. दुसरा, घड्याळाचा. डागण्याआधी त्यावर सेकंद लावायचे, तेवढा वेळ झाला की गोळा हवेत फुटतो आणि त्याच्या कपच्या चारी बाजूंना उडतात.

आता गणित करून बघा. विमान ताशी 400 किलोमीटरने चाललंय, म्हणजे सेकंदाला सुमारे 111 मीटर. गोळ्याला वर पोचायला दहा सेकंद लागणार असतील तर तेवढ्यात विमान एक किलोमीटरच्या पुढे गेलेलं असतं. म्हणजे तोफ विमानावर नाही, विमान जिथं असेल असा अंदाज आहे तिथं रोखायची. तो अंदाज बरोबर आला असं धरू. पण गोळा सेकंदाला 500 मीटरने जात असेल आणि घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने चुकलं, तर गोळा 50 मीटर अलीकडे किंवा पलीकडे फुटतो. वैमानिकाला काळा धूर दिसतो, बाकी काही होत नाही. 1940 मध्ये लंडनवर रात्रीचे बॉम्बहल्ले झाले तेव्हा एकेका विमानामागे हजारो गोळे खर्ची पडत होते.

गोळ्यालाच विमान ओळखता आलं तर? ही कल्पना एकाच माणसाच्या डोक्यात आलेली नव्हती. इंग्लंडमध्ये ब्युटमेंट, शायर आणि थॉमसन या तिघांनी 1940 पर्यंत रेडिओवर चालणाऱ्या फ्यूजची मांडणी तयार केली होती. जर्मनीतही काम चालू होतं. नोव्हेंबर 1939 मध्ये नॉर्वेतल्या ब्रिटिश वकिलातीला एक निनावी पाकीट आलं, ते पुढे 'ऑस्लो अहवाल' म्हणून प्रसिद्ध झालं. त्यात जर्मन फ्यूजची माहिती होती आणि त्याच्या व्हॉल्व्हचा एक नमुनाही होता. जर्मनांनी नंतर अशा फ्यूजचे अनेक आराखडे केले, पण एकही लढाईत मोठ्या प्रमाणावर उतरला नाही. कल्पना दोघांकडे होती, माल एकाच बाजूने बनवला.

टिळकवाडीचं रेल्वे गेट आणि गोळ्याचं टोक

फ्यूज चालतो कसा ते थोडक्यात सांगतो. टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळ उभं राहून इंजिनाची शिट्टी ऐकली असेल तर हे समजायला सोपं आहे. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. लाटा पाठवणारा आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर बदलत असलं की लाटांची वारंवारता बदललेली जाणवते. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात.

गोळ्याच्या टोकात एक छोटा रेडिओ बसवला. डागल्यानंतर तो सतत लहरी सोडत राहतो, आणि गोळ्याचं धातूचं अंगच अँटेना म्हणून काम करतं. जवळपास विमान आलं की त्याच्यावर आपटून लहरी परत येतात. गोळा आणि विमान वेगाने जवळ येत असल्यामुळे परतलेली लहर मूळ लहरीपेक्षा किंचित वेगळी असते. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की एक मंद ठोका तयार होतो. अंतर कमी होईल तसा तो ठोका जोरात पडू लागतो. ठरलेल्या जोरापर्यंत पोचला की एक विजेचा स्विच पडतो आणि गोळा फुटतो. विमान साधारण वीस मीटरच्या आत असलं की काम फत्ते.

कागदावर सोपं आहे. पण तो काळ ट्रान्झिस्टरच्या आधीचा. रेडिओ म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह. आपल्या आजोबांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा, तो टेबलावरून पडला तर दुरुस्तीला न्यावा लागे. इथं तोच काचेचा व्हॉल्व्ह तोफेतून डागायचा होता. गोळा सुटताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 20,000 पट जोर येतो. म्हणजे पाच ग्रॅमचा भाग त्या क्षणी 100 किलोचा होतो, साखरेच्या दोन पोत्यांएवढा. वर गोळा स्वतःभोवती सेकंदाला शेकडो फेरे घेत असतो. एवढं सोसून आतली काच फुटता कामा नये आणि केसासारखी बारीक तार तुटता कामा नये.

हे काम अमेरिकेत मर्ल टूव्ह नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. ऑगस्ट 1940 मध्ये त्याच्या हाताखाली एक गट तयार झाला, त्याच्या आडनावावरून त्याला 'सेक्शन टी' म्हणत. सप्टेंबरमध्ये ब्रिटनचं टिझार्ड शिष्टमंडळ आपली गुपितं घेऊन अमेरिकेत आलं, त्यात ब्रिटिशांचा फ्यूजचा आराखडाही होता. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती, तो दिवस डिसेंबर 1941 चा.

टूव्हच्या माणसांनी सुरुवात बाजारात मिळणाऱ्या मालापासून केली. कानाच्या मशीनमध्ये बसणारे छोटे व्हॉल्व्ह तेव्हा तयार होऊ लागले होते, तेच घेतले. व्हर्जिनियातल्या एका शेतात तोफ आणून गोळे सरळ आकाशात डागायचे, ते परत खाली शेतात पडले की खणून काढायचे आणि आत काय तुटलं ते बघायचं. जे तुटलं ते सुधारायचं आणि पुन्हा डागायचं. आपल्या फाउंड्रीत कास्टिंग फोडून आत पोकळी कुठं राहिली ते बघतात, तसलाच प्रकार. व्हॉल्व्हची तार टिकावी म्हणून तिला आधार देण्याच्या कामात जेम्स व्हॅन ॲलन नावाचा एक तरुण होता. पुढे 1958 मध्ये पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे ज्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले तोच हा.

मला सगळ्यांत आवडलेला भाग बॅटरीचा. साधी बॅटरी गोदामात पडून पडून उतरते, आणि जहाजावरच्या गोळ्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागतं. यावर तोडगा असा काढला, की बॅटरीतलं द्रव एका काचेच्या कुपीत वेगळं ठेवायचं. तोफ डागली की त्या हिसक्याने कुपी फुटते आणि गोळा फिरतो त्या जोराने द्रव पट्ट्यांमध्ये पसरतं. मगच वीज तयार होते. म्हणजे जो हिसका बाकी सगळ्या भागांचा शत्रू होता, त्यालाच इथं कामाला लावलं. शिवाय डागण्याआधी फ्यूजमध्ये वीजच नाही, त्यामुळे हाताळताना गोळा फुटायची भीतीही कमी.

52 टक्क्यांवर ऑर्डर

आता हिशेबाकडे येतो.

टूव्ह आपल्या माणसांना सांगायचा, की या प्रयोगशाळेत मला पैसे वाचवणारा माणूस नको, वेळ वाचवणारा हवा. आपण बी.कॉम.ला शिकलो ते नेमकं उलटं. पण विचार केला तर त्याचं बरोबर होतं. एक मार्ग चालेल की दुसरा हे ठरवत बसण्यापेक्षा दोन्ही एकदम सुरू करायचे, एक वाया गेला तर गेला. पैसा पुन्हा उभा करता येतो, युद्धात गेलेला महिना परत येत नाही.

29 जानेवारी 1942 ला फ्यूजची चाचणी झाली. 52 टक्के चालले. बाकीचे फुसके निघाले किंवा आधीच फुटले. उद्यमबागेत 48 टक्के रिजेक्शन असलेला माल कुणी पाठवला तर पार्टी गाडी दारातूनच परत पाठवेल. अमेरिकन नौदलाने मात्र उत्पादन सुरू करायला सांगितलं. त्यांची तुलना शंभर टक्क्यांशी नव्हतीच, ती घड्याळाच्या फ्यूजशी होती. शंभरातले पन्नास गोळे विमान ओळखून फुटणार असतील तर ते आधीच्यापेक्षा कितीतरी पुढे होतं. सुधारणा चालू मालात करू, असं ठरलं.

त्याच वर्षी प्रयोगशाळा मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला जुन्या गाड्यांच्या एका गॅरेजमध्ये हलली आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे तिचा कारभार आला. सिनसिनाटीतल्या क्रॉस्ली या रेडिओ बनवणाऱ्या कंपनीकडे उत्पादनाचं काम गेलं. क्लीव्हलँडला जनरल इलेक्ट्रिकच्या ज्या कारखान्यात नाताळच्या झाडावर लावायचे छोटे दिवे बनत, तिथं फ्यूजचे व्हॉल्व्ह बनू लागले. बारीक काच आणि बारीक तार हाताळण्याची सवय असलेले हात तिथं होतेच. या कारखान्यांत बायकांची संख्या मोठी होती, आणि आपण जोडतोय ती वस्तू नेमकी काय करते हे बहुतेकींना सांगितलेलं नव्हतं. नावसुद्धा दिशाभूल करणारं, 'व्हीटी फ्यूज'. ऐकणाऱ्याला वाटावं की वेळ बदलता येणारा एखादा घड्याळी फ्यूज असेल.

प्रत्येक खेपेतले नमुने काढून ते खरोखर डागून बघत. ते नापास झाले तर अख्खी खेप बाद.

आता आकडे बघा. या फ्यूजवरची कंत्राटं 1942 मध्ये 6 कोटी डॉलरची होती, 1943 मध्ये 20 कोटी, 1944 मध्ये 30 कोटी आणि 1945 मध्ये 45 कोटी. बेरीज केली तर 101 कोटी डॉलर होते. एवढ्यात 2 कोटी 20 लाखांहून जास्त फ्यूज बनले. 1942 मध्ये एक नग 732 डॉलरला पडत होता, 1945 मध्ये 18 डॉलरला. तीन वर्षांत किंमत चाळिसाव्या भागावर आली. सुरुवातीचा प्रयोगांचा खर्च कोट्यवधी नगांवर वाटला गेला, कारागिरांचा हात बसला, रिजेक्शन घटलं. यात जादू नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला माहीत असलेलं गणित आहे. आणि गंमत म्हणजे हे सगळं 'पैसे वाचवू नका' म्हणणाऱ्या माणसाच्या कामातून झालं.

ऑगस्ट 1942 मध्ये चेसापीक उपसागरात क्लीव्हलँड या नव्या क्रूझरवर अंतिम चाचणी ठरली. लक्ष्य म्हणून रेडिओने चालणारी तीन विनावैमानिक विमानं होती, म्हणजे त्या काळचे ड्रोनच. तिन्ही पहिल्याच दिवशी पडली, चाचणीसाठी आणखी विमानं उरलीच नाहीत.

5 जानेवारी 1943 ला ग्वाडलकॅनाल बेटाजवळ हेलेना या अमेरिकन क्रूझरने या फ्यूजच्या गोळ्यांनी पहिलं जपानी विमान पाडलं. ही हेलेना पुढे सहा महिन्यांतच टॉर्पेडो लागून बुडाली. वरून येणाऱ्याचा बंदोबस्त झाला होता, पाण्याखालून येणाऱ्याचा नाही. व्हॅन ॲलनही नौदलात अधिकारी होऊन पॅसिफिकमध्ये गेला. जहाजाजहाजांवर हा फ्यूज कसा वापरायचा ते शिकवणं आणि उतरत आलेल्या बॅटऱ्या बदलून घेणं हे त्याचं काम. प्रयोगशाळेतला माणूस थेट तोफेपाशी, त्यामुळे तक्रार आणि दुरुस्ती यांच्यातलं अंतर कमी झालं.

जमिनीवर बंदी

इथून पुढचा भाग मला जड वाटतो. फ्यूज तयार होता, चालतही होता, पण वापरायची परवानगी फक्त समुद्रावर होती. न फुटलेला गोळा जमिनीवर पडला, शत्रूच्या हाती लागला आणि त्याने नक्कल केली तर? जर्मनीवर रोज शेकड्यांनी जाणाऱ्या ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बर विमानांवर तोच फ्यूज उलटला असता. समुद्रात पडलेला गोळा कुणाला सापडत नाही.

सेनापतींच्या जागी बसून पाहिलं तर निर्णय पटतो. पण जानेवारी 1943 ते डिसेंबर 1944 म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. या काळात जमिनीवर लढणाऱ्यांना हे हत्यार आपल्या बाजूकडे आहे हेही माहीत नव्हतं. बेळगावात ज्या रेजिमेंटचं केंद्र आहे त्या मराठ्यांच्या पलटणी तेव्हा इटलीत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांनी 10 जुलै 1944 ला, सोबतचे सगळे पडल्यावर, मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली आणि तिथंच ते धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा फ्यूज असता तर त्या दिवशी वेगळं घडलं असतं असं मी म्हणत नाही. पण गुपित जपण्याची किंमत रणांगणावर कुणाला मोजावी लागते हा प्रश्न ज्याच्या घरातलं कुणी पलटणीत आहे त्याला पडतोच. आणि चंदगड, खानापूर, गडहिंग्लज भागात अशी घरं गावोगाव आहेत.

जून 1944 मध्ये जर्मनीने लंडनवर व्ही-1 सोडायला सुरुवात केली. वैमानिक नाही, सरळ रेषेत ताशी सुमारे 600 किलोमीटरने उडणारं, पोटात साडेआठशे किलोच्या आसपास स्फोटकं असलेलं यंत्र. आजच्या लांब पल्ल्याच्या हल्लेखोर ड्रोनचा आजोबाच म्हणा. जुलैच्या मध्यात ब्रिटिशांनी विमानविरोधी तोफा लंडनच्या बाजूने उचलून किनाऱ्यावर नेल्या. तोफांचं तोंड समुद्राकडे झालं, म्हणजे फुटलेला असो वा न फुटलेला, गोळा पाण्यातच पडणार. त्यामुळे हा फ्यूज तिथं सढळ हाताने वापरता आला. तोफेला जोडलेलं नवं रडार आणि आपोआप नेम काढणारं गणितयंत्रही सोबत होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या फ्यूजला देता येणार नाही. किनारपट्टीच्या तोफांच्या टप्प्यात आलेल्या व्ही-1 पैकी पहिल्या आठवड्यात तोफांनी 17 टक्के पाडले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात 74 टक्के.

डिसेंबर 1944 मध्ये जर्मनांनी बेल्जियमच्या आर्देन जंगलात मोठा हल्ला केला आणि जमिनीवरची बंदी उठली. आता हा फ्यूज माणसांवर चालू लागला. तोच रेडिओ, फक्त विमानाऐवजी जमिनीवरून परतलेली लहर ओळखायची. गोळा जमिनीत न शिरता डोक्यावर काही मीटर उंचीवर फुटायचा आणि कपच्या वरून खाली यायच्या. खंदकात आडवं पडलं की वाचतो, हा सैनिकाचा जुना भरवसा गेला. धुकं असो की रात्र, फ्यूजला फरक पडत नव्हता. जनरल पॅटन यांनी त्या महिन्याच्या अखेरीस एका पत्रात कळवलं, की सौर नदी ओलांडू पाहणाऱ्या जर्मन बटालियनवर हे गोळे टाकले आणि मोजून 702 मृतदेह मिळाले. सगळ्या सैन्यांकडे हा गोळा आला की युद्धाची पद्धतच बदलावी लागेल, असंही त्यांनी लिहिलं होतं. लंडनची घरं वाचवणारी वस्तू आणि ही वस्तू एकच, किंमतही तीच.

गुपित किती टिकलं? जर्मनांपासून टिकलं. सोव्हिएत रशियापासून नाही. न्यूयॉर्कमधल्या एका रेडिओ कारखान्यात तपासनीसाचं काम करणाऱ्या ज्युलियस रोझेनबर्गने 1944 च्या अखेरीस एक फ्यूज रशियन हेराच्या हाती दिला. अणुगुपितांच्या खटल्यात 1953 मध्ये त्याला आणि त्याच्या पत्नीला मृत्युदंड झाला.

टपरीवरचा हिशेब

युद्ध संपता संपता उखळी तोफांच्या गोळ्यांसाठी आणखी लहान फ्यूज हवा होता. त्यासाठी तारा जोडण्याऐवजी चिनी मातीच्या चकतीवर चांदीच्या शाईने सर्किट छापण्याची पद्धत काढली गेली. आज मोबाइल उघडला की दिसतं ते छापील सर्किट मोठ्या प्रमाणावर वापरण्याचा हा एक सुरुवातीचा प्रयत्न.

आणि आपल्याकडे? 15 डिसेंबर 2023 ला संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे कारखान्याशी लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक फ्यूज पुरवण्याचा दहा वर्षांचा करार केला. रक्कम 5,336.25 कोटी रुपये. उत्पादन पुण्यात आणि नागपूरच्या नव्या कारखान्यात. मी हा आकडा टपरीवर सांगितला तेव्हा मशीनिंगचं वर्कशॉप चालवणारे आमचे एक स्नेही लगेच विचारते झाले, "नगाला किती पडतोय?"

प्रश्न धंद्याचा असला तरी तोच मुद्द्याचा आहे. ड्रोन स्वस्त झाले आहेत. एका स्वस्त ड्रोनवर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र सोडलं तर ड्रोन पडतो, पण पाठवणाऱ्याचं काही बिघडत नाही, तो उद्या दहा पाठवतो. म्हणून जगभरातली सैन्यं पुन्हा तोफेकडे आणि जवळ येताच फुटणाऱ्या गोळ्याकडे वळली आहेत. युक्रेनच्या युद्धात पाडणाऱ्याचा खर्च आणि पडणाऱ्याची किंमत यांचा ताळमेळ रोज मांडला जातो.

हवालदार मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "आम्ही फ्यूज बसवताना त्याची किंमत कधी इचारली न्हाई," ते म्हणाले. "पेटीवरचा खेपेचा नंबर तेवढा बघायचा. एका खेपेचे दोन फुसके निघाले की ती पेटी बाजूला."